गार्गी काय म्हणते?

तोयामा, १९ एप्रिल २०२५

प्रिय श्रुती,

मेल बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मला धड लिहिता येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर तुझ्या खांद्यांवरून आई-बाबा दोघंही डोकावत असतात. त्यांच्यासमोर मी 'हो, जेवलो' याच्या पलीकडे जात नाही. मी तुझ्या भावाची बायको व्हायच्या आधीपासून तुझी मैत्रीण आहे, तेव्हा ही जागा फक्त आपली.

घर लहान आहे पण नीटनेटकं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसतात. मिहिर जानेवारीत पुढे आला होता ना, त्यामुळे फ्रिज, सायकली, गाद्या, सगळं त्याने आधीच लावून ठेवलंय. मुलुंडला ज्याने कधी सिलिंडर बदलला नाही तो तुझा दादा इथे प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं वेगळी काढून धुतो. मी पहिल्याच आठवड्यात चुकीच्या वारी कचरा ठेवला. शेजारच्या आजीबाई माझी पिशवी परत घेऊन आल्या, दारात ठेवली, दोनदा कमरेत वाकून नमस्कार केला आणि गेल्या. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गार्गीची शाळा सुरू झाली. सरकारीच आहे, इथे सगळे तिथेच जातात. सकाळी गल्लीतली मुलं रांगेने चालत निघतात, पुढे सहावीतली एक मुलगी. आईबापांनी सोबत जायचं नाही. दारात बूट बदलायचे. दुपारचं जेवण मुलंच पांढरे एप्रन घालून एकमेकांना वाढतात. जवळजवळ प्रत्येक पदार्थात मासळीचं काहीतरी असतं, म्हणून गार्गीला घरचा डबा न्यायची परवानगी मिळाली. जेवणानंतर मुलंच वर्ग झाडतात, पुसतात. संडाससुद्धा. हे आईंना सांगू नकोस. वर्ग वयावर ठरतो, त्यामुळे मुलुंडला पाचवीत गेली असती ती इथे पुन्हा चौथीत. नापास झालेली नाही, हे मात्र आईंना आवर्जून सांग.

मिहिर खूश आहे. औषधाच्या गोळ्या पाकिटांत भरणाऱ्या मशीनवर त्याचं काम आहे आणि कंपनीत सगळे त्याला मान देतात. दोन वर्षं काय, जातील बघता बघता.

तुझी,
गंधाली


मुलुंड (पूर्व), २७ एप्रिल

प्रिय गंधू,

संडासाचं सांगितलं नाही, पण चौथीचं सांगितलं आणि वाट लागली. आईने आधी मला विचारलं, 'म्हणजे एक वर्ष फुकट?' मग बाबांना सांगितलं, 'बिल्डिंगमध्ये कोणाला बोलू नका.' आणि संध्याकाळी स्वतःच खाली बाकावर बसून सगळ्यांना सांगून आली, वर प्रत्येकीला 'पण नापास नाही हं' असं बजावून.

इथली बातमी म्हणजे आपली सोसायटी शेवटी रिडेव्हलपमेंटला गेली. परवा मीटिंग होती. सेक्रेटरी चंद्रप्रकाश दोन तास बोलले. दिवाळीनंतर घरं रिकामी करायची, नवी बिल्डिंग उभी राहीपर्यंत बिल्डर भाडं देणार. त्याच्या माणसाने भिंतीवर चित्र दाखवलं. बावीस मजले, खाली झाडं, कुत्री फिरवणारी माणसं. बाबा उभे राहून म्हणाले, 'तुमच्या चित्रात एकही म्हातारा माणूस नाही.' सगळे हसले. बाबा विनोद करत नव्हते.

घर शोधायचं काम अर्थात माझं. घाटकोपरला ऑफिस, तिथून आल्यावर एजंटांचे फोन. आईला नवघर रोड सोडायचा नाही आणि बाबांना जिना नको. बघू.

आता एक विचारू? तू बूट लिहिलेस, डबा लिहिलास, रांग लिहिलीस, कचऱ्यावर तर अख्खा निबंध लिहिलास. एवढ्या मोठ्या पत्रात गार्गी एक वाक्य बोललेली नाही. अगं, ती पोरगी झोपेतसुद्धा बोलायची. गार्गी काय म्हणते?

श्रुती


तोयामा, ८ जून

प्रिय श्रुती,

तुझ्या प्रश्नामुळेच इतके दिवस उत्तर दिलं नाही. काही म्हणत नाही गं ती. तेच लिहायचं टाळत होते.

शाळा सुरू झाल्यापासून गार्गी वर्गात एक शब्दही बोललेली नाही. हजेरीला हात वर करते, सांगितलेलं करते, पण तोंडातून आवाज नाही. तिचे सर, मोरी सर, तरुण आहेत, जेमतेम तिशीतले. गेल्या महिन्यात ते घरी आले होते, इथे तशी पद्धत आहे. सोबत भाषांतर करणारं एक छोटं यंत्र आणलेलं. ते जपानीत काहीतरी हळूच म्हणाले आणि यंत्रातून एक जाडाभरडा पुरुषी आवाज हिंदीत म्हणाला, 'आपकी बेटी बहुत शांत है.' गार्गी शांत! मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

आता घरीही तेच झालंय. येते, खाते, टेबलाशी बसून त्यांची ती अक्षरं गिरवत राहते. 'कसा होता दिवस?' 'बरा.' 'कोणी त्रास देतं का?' 'नाही.' मी जास्त विचारलं की उठून खोलीत जाते. मिहिर म्हणतो, वेळ दे. तो सकाळी जातो, संध्याकाळी येतो, त्याला वेळ देणं सोपं आहे. मी दिवसभर त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसते.

माझंही सांगते. अकरा वर्षं मुलुंडच्या लॅबमध्ये मी लोकांचं रक्त काढलं. दिवसभर कोणी ना कोणी समोर बसलेलं असायचं, सुईला घाबरणारं, बोलणारं. इथे दुकानात दुधाच्या खोक्यावर गाईचं चित्र आहे का, ते बघून दूध घेते. एके दिवशी घरी येऊन बघितलं तर ते दहीच होतं. कोणाला सांगून हसायचं?

म्हणून एक काम सांगते. गार्गीच्या जुन्या शाळेत जाऊन विचारशील का, तिला पाचवीत परत घेतील का म्हणून? मी तिला घेऊन येते. मिहिरने दोन वर्षं पुरी करावीत, आमची अडचण नाही. त्याला अजून सांगितलेलं नाही. आईंनाही इतक्यात कळू देऊ नकोस.

गंधाली


मुलुंड, १२ जून

प्रिय गंधू,

हाफ डे टाकून शाळेत जाऊन आले. क्लार्क नेहमीसारखा 'नंतर या' म्हणाला, मग मी थेट मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये शिरले. त्यांना गार्गी आठवते. जुलैअखेरपर्यंत जागा ठेवतील. तिथल्या शाळेचा कागद आणि इथला जुना दाखला पुरेल म्हणाल्या.

ये तू. एवढा विचार कसला करतेस? खोली आहे, मी आहे, आई-बाबा आहेत. लॅबवाले तुला उद्या घेतील, तुझ्यानंतर आलेला मुलगा दोन-दोनदा टोचतो म्हणून आपल्या बिल्डिंगमधली अर्धी माणसं तिकडे जायची बंद झालीत. दिवाळीनंतर घर हलवायचंय, तेव्हा तू असलीस तर आईलाही धीर येईल. पोरीला बोलता येत नसेल तर हवेत कशाला ते बर्फाचे डोंगर?

फक्त एक. दादाला तू स्वतः सांग. मला त्याच्याशी खोटं बोलता येत नाही, आवाजावरून पकडतो तो मला.

आणि जे काय असेल ते लवकर कळव यार. इथे मलाही काही गोष्टी ठरवायच्यात. त्या नंतर सांगते.

श्रुती


तोयामा, ४ जुलै

प्रिय श्रुती,

आम्ही येत नाही आहोत. तुला त्या दिवशी 'येते, नक्की' असा मेसेज केला होता, तो मनापासूनच होता. मधल्या दिवसांत काय झालं ते नीट लिहिते, म्हणजे तू मला धरसोड म्हणणार नाहीस.

मिहिरला सांगितलं. मला वाटलं होतं चिडेल, समजावेल. तो म्हणाला, 'तू ठरवलंयस ना?' आणि सायकलीत हवा भरायला खाली निघून गेला. तासाभराने वर आला, हवा भरायला एवढा वेळ लागत नाही.

मग काल दुपारी आम्ही दोघं शाळेत गेलो. वर्ग सुटला होता. चौथीच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही बसलो, समोर मोरी सर, बाजूला गार्गी, मध्ये टेबलावर ते यंत्र. मिहिरने मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं की आई आणि मुलगी या महिन्यात भारतात परत जाताहेत. सरांनी मान डोलावली. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. शेवटचा दिवस कोणता, वर्गात निरोपाचा छोटा कार्यक्रम करू, असं काहीतरी ते म्हणाले.

आणि गार्गी बोलली. जपानीत, अगदी स्पष्ट, मोठ्याने. एकच शब्द. मला कळला नाही. मिहिरने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'ती म्हणतेय, मी परत जाणार नाही.'

सरांनी हात पुढे करून यंत्र बंद केलं. त्यांनी तिला काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, त्यांनी आणखी विचारलं, तिने आणखी सांगितलं. मध्ये अडखळत होती, हातवारे करत होती, पण थांबत नव्हती. श्रुती, माझी मुलगी माझ्यासमोर बसून मनातलं सगळं सांगत होती आणि त्यातलं मला एक अक्षर कळत नव्हतं. मिहिरला अर्धंमुर्धं कळलं असेल.

घरी येताना नदीवरच्या पुलावर मी तिला विचारलं, 'तुला बोलता येतं, मग वर्गात बोलत का नाहीस?' ती म्हणाली, 'चुकीचं बोललं की सगळे हसतात. वाईट नाही हसत, पण हसतात. म्हणून मी आधी सगळं ऐकून घेते.' रस्त्याने जाताना ती म्हणे हारुकाशी बोलते. हारुका म्हणजे रांगेत पुढे चालणारी ती सहावीतली मुलगी. मे महिन्यापासून बोलते! मला पत्ता नाही.

'मग मला का नाही सांगितलंस?'

'तुला काही सांगितलं की तू तोंड पाडतेस. मला मारी आवडत नाही म्हटलं तरी तू रडायला लागलीस. मग आत्याला मेल करतेस. मी काही सांगितलं की तू तिकिटं काढशील, म्हणून मी सांगतच नव्हते.'

मारी कोण, ते तेव्हा मी विचारलंही नव्हतं, आत्ता कळलं. वर्गातली एक आगाऊ मुलगी आहे, बाकी काही नाही.

मिहिर पुढे चालत होता, त्याने सगळं ऐकलं पण मागे वळून बघितलं नाही. बरं झालं. मला वाटत होतं की गार्गीला परत यायचंय. परत मला यायचं होतं. त्यासाठी मी तिची खुर्ची पुढे करत होते.

शाळेला नाही म्हणून कळवशील ना? तुला उगाच फेऱ्या पडल्या.

गंधाली


मुलुंड, ७ जुलै

गंधाली,

शाळेला कळवलं. गार्गी बोलली, मला आनंद झाला. खरंच झाला. आता माझं ऐक.

फेब्रुवारीत माझं प्रमोशन आलं. कोल्हापूरला ब्रँच मॅनेजर. घरात बोलले नाही, कारण बोलून उपयोग नव्हता. तुम्ही निघायच्या गडबडीत होतात आणि आई-बाबांना सोडून मी जाणार कशी? चार वर्षांपूर्वी बाबांच्या बायपासच्या वेळी असंच एकदा आलेलं, तेव्हा नाही म्हटलं होतं. आता परत नाही म्हटलं तर तिसऱ्यांदा विचारणार नाहीत. मी आज-उद्या करत वेळ काढत होते. तुझा 'येते, नक्की' आला त्याच दुपारी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन हो म्हणून आले. एक सप्टेंबरला तिथे हजर व्हायचंय.

तर हो, तुला 'ये' म्हटलं त्यात माझा मतलब होता. असू दे की. माझा मतलब असू नये असं कुठे लिहिलंय?

तुमचं जायचं ठरलं तेव्हा दादा म्हणाला होता, 'काळजी नाही, श्रुती आहेच.' मी आहेच. फ्रिज आहे, वॉशिंग मशीन आहे, श्रुती आहे. कोणी विचारलं मला, की बाई गं, तुझा काय बेत आहे? तूसुद्धा नाही. तू माझी मैत्रीण ना आधीची?

दिवाळीनंतर हे घर पाडणार. घराचा पत्ता नाही. आईचे गुडघे, बाबांच्या गोळ्या. मी कोल्हापूरला जाऊ की होकार मागे घेऊ? तू सांग. तुझ्या भरवशावर दिला होता.

श्रुती


तोयामा, २० जुलै

प्रिय श्रुती,

तुझं पत्र मिहिरला वाचून दाखवलं. न विचारता दाखवलं, त्याबद्दल हवं तर रागाव. मला ते एकटीने वाचून पुरेना.

फ्रिजच्या वाक्याला तो हसला. मग हसायचा थांबला. मग म्हणाला, 'मला तिचं प्रमोशन माहीत नव्हतं.' मी म्हटलं, 'मलाही नव्हतं, पण आपण विचारलं कुठे?' त्यावर त्याने एक सांगितलं, जे मलाही नवीन होतं. कंपनीने त्याला मेमध्येच विचारलंय, आणखी तीन वर्षं राहशील का म्हणून. माझं तोंड बघून त्याची सांगायची हिंमत झाली नाही. म्हणजे या घरात तिघंही गप्प होतो, नाव मात्र गार्गीचं.

मी इथे राहायला तयार आहे, श्रुती. आवडलं म्हणून नाही. गार्गी आता कुठे उभी राहतेय, तिला परत उपटायची नाही म्हणून. तीन वर्षांनी माझं काय होईल, मला माहीत नाही.

पण तुझ्या प्रश्नाला उत्तर देते. होकार मागे घेऊ नकोस. तू मला विचारलंस म्हणून सांगतेय असं नाही, तू विचारलं नसतंस तरी हेच सांगायला हवं होतं. येत्या रविवारच्या कॉलवर मिहिर आणि मी आई-बाबांना आमचं सगळं सांगतो. तुझं तू सांग, किंवा आम्ही सांगतो. तुला समोर बसायचं नसेल तर बाहेर जा. घर हलवायला मिहिर सुट्टी काढून येईल, ते त्याने स्वतः ठरवलंय, मी सुचवलेलं नाही.

तू मैत्रीण ना, असं विचारलंस. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. जाऊही नये.

गंधाली


मुलुंड, २९ जुलै

प्रिय गंधू,

मी बाहेर गेले नाही. स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसले होते, तुझा आणि दादाचा शब्द न् शब्द ऐकला. तू नीट बोललीस. दादाने मात्र तीन वर्षांच्या ठिकाणी 'अजून ठरायचंय, बघू' म्हटलं, हे मी ऐकलंय. त्याला सांग की मी ऐकलंय.

तुम्ही फोन ठेवल्यावर बाहेर काय झालं ते लिहिते. आई तिथूनच ओरडली, 'श्रुते, बाहेर ये. कोथिंबीर पळून जात नाही.'

मी जाऊन उभी राहिले. म्हटलं, 'मी कोल्हापूरचं सांगणार होते.'

'कधी? तिथे पोचल्यावर?' आई म्हणाली. 'तुझ्या ऑफिसातल्या बाईने पेढे मागायला फोन केला होता. पंधरा दिवस झाले. तू आंघोळीला गेली होतीस.'

'मग बोलली का नाहीस?'

'तू सांगशील म्हणून वाट बघत होते. तू वाट बघणार त्यांची, ते वाट बघणार तुझी. आम्हाला काय कुरिअर समजता? इकडून उचललं, तिकडे ठेवलं?'

बाबा म्हणाले, 'नलिनी, तिला ते घर दाखव.'

गंधू, आईने घर बघितलंय! मला भजनाला जाते सांगायची आणि तळमजल्यावरच्या नलावडे काकूंबरोबर घरं बघत फिरायची. मिठागर रोडवर एका जुन्या बिल्डिंगमध्ये, तळमजला, एक खोली आणि हॉल. आपल्याच सोसायटीतली आणखी दोन कुटुंबं वरच्या मजल्यांवर जाताहेत. दवाखाना समोर. बाबांचा फिरायला जायचा ग्रुप तिथूनच जातो. दोघांनी मिळून ठरवून टाकलं होतं. माझ्यासाठी त्यात खोली धरलेली नव्हती. आधी मला ते लागलं, खरं सांगते. मग मी रात्रीची भांडी घासताना एकटीच हसले.

मी म्हटलं, 'रात्रीअपरात्री काही झालं तर?'

बाबा म्हणाले, 'तू इथे असतानाही बायपास झालाच ना?'

स्वयंपाकाला बाई ठेवायची आईने कबूल केलंय. म्हणजे ती बाई आठवड्यात पळणार, पण कबूल केलंय हे तरी झालं.

मी कोल्हापूरला जातेय. तुझ्यावरचा राग गेलाय का? बराचसा. थोडा ठेवलाय.

श्रुती


तोयामा, १२ ऑक्टोबर

प्रिय श्रुती,

ब्रँच मॅनेजरबाईंना वेळ नाही असं आई म्हणाल्या. तुझे दोन ओळींचे मेसेज बघून मलाही तेच वाटतंय. तरी लिहिते.

इथे थंडी सुरू झाली आणि अस्वलं डोंगर उतरून खाली येतात, ती आवाजाने लांब राहावीत म्हणून शाळेने मुलांच्या दप्तरांना घंटा बांधायला लावल्यात. सकाळी रांग निघते तेव्हा शेळ्या चालल्यासारखा आवाज येतो. आईंना सांगितलं नव्हतं, पण गार्गीनेच कॉलवर घंटा वाजवून दाखवली. आई तेव्हापासून दिवसातून दोनदा फोन करतात.

मी कामाला लागले. ब्रेडच्या कारखान्यात, सकाळचे चार तास, पॅकिंगला. डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे, लॅबसारखंच. बाजूच्या बाई मला रोज एक शब्द शिकवतात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात. मी चुकते, त्या हसतात. वाईट नाही हसत. आता गार्गीचं म्हणणं मला कळतं.

गार्गी वर्गात बोलते. हवं तितकं नाही, पण मागच्या महिन्यात मारीशी भांडली, म्हणजे ठीकच चाललंय. मात्र एक सांगते. परवा ती आईंना शाळेतल्या खेळांच्या दिवसाचं सांगत होती आणि मराठी शब्द आठवेनात. रस्सीखेच म्हणायचं होतं. जपानी शब्द म्हणाली, मग हाताने ओढून दाखवलं. आईंना काही कळलं नाही. दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत राहिल्या. मी मध्ये पडून शब्द सांगितला, पण तोवर गार्गी उठून गेली होती. हे असं होत जाणार आहे, श्रुती. मी घरी मराठीच बोलते, रोज वाचून घेते, तरीही. एक पदरात घेतलं की दुसरं थोडं सांडतं. मी तक्रार करत नाहीये, फक्त तुला सांगून ठेवतेय.

मिहिर पंचवीस तारखेला मुलुंडला पोचेल. करारावर त्याने गेल्या महिन्यात सही केली, तीन वर्षं. बाबांना अजून सांगितलेलं नाही. 'समोर बसून सांगेन' म्हणतो. सांगेल की नाही, माझी खात्री नाही. तू दोन दिवस येणार आहेस ना? त्याच्याऐवजी तू सांगू नकोस. एवढंच मागते.

गंधाली


कोल्हापूर, ९ नोव्हेंबर

प्रिय गंधू,

दादा तुला त्याच्या पद्धतीने सांगेल, म्हणजे 'झालं सगळं व्यवस्थित' एवढंच. म्हणून मी लिहिते.

शनिवारी पहाटे मी मुलुंडला पोचले तेव्हा टेम्पो खाली लागलेला होता. दादा बनियनवर, घामाने भिजलेला, कपाटाचं एक टोक धरून जिन्यात अडकलेला. दुसरं टोक धरणारा माणूस त्याला शिकवत होता, 'साहेब, तिरकं करा, तिरकं.' आई खुर्ची टाकून गॅलरीत बसून सूचना देत होती, त्या कोणी ऐकत नव्हतं.

दुपारपर्यंत हॉल रिकामा झाला. राहिला तो माळा. दादा शिडीवर चढून एकेक खोकं खाली देत होता आणि बाबा जमिनीवर बसून बघत होते. त्याची इंजिनिअरिंगची पुस्तकं, गार्गीचा पाळणा सुटा करून बांधलेला, तुझ्या रुखवताची दोन खोकी, त्याचं कॅरमबोर्ड. नवं घर केवढं आहे ते तुला माहीत आहे. बाबांनी सगळं बघून घेतलं आणि विचारलं, 'मिहिर, तू परत येणार आहेस का?'

बरं, रागाने नाही विचारलं, रडवेलेही नव्हते. खोकी कुठे ठेवायची, तेवढंच त्यांना हवं होतं.

मी दारात चिकटपट्टी घेऊन उभी होते. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. तू सांगितलं होतंस म्हणून गप्प राहिले. दादा शिडीवरून खाली उतरला, बाबांच्या समोर जमिनीवर बसला. म्हणाला, 'नाही, बाबा. तीन वर्षं तरी नाही. सही केलीय. त्यानंतरचं मला माहीत नाही.'

गॅलरीतून आईचा आवाज बंद झाला.

बाबा म्हणाले, 'मग पाळणा देऊन टाकू. सीतारामच्या सुनेला दिवस गेलेत.' सीताराम म्हणजे आपला वॉचमन. 'पुस्तकं रद्दीत. कॅरम मी नेतो, तिथे वरच्या मजल्यावर दोघे खेळणारे आहेत.' तुझी खोकी मात्र त्यांनी दादाला स्वतः उघडायला लावली आणि तुला फोटो पाठवून विचारायला सांगितलं. तो फोटो तुला आला असेल, त्यामागची हकिकत ही.

आई आत आली, तिने दादाच्या डोक्यावरची जळमटं काढली आणि म्हणाली, 'उन्हाळ्यात आम्ही येतो तिकडे. तीन महिने ठेवून घ्याल ना? मला ती घंटा वाजवणारी पोरं बघायचीत.' दादाने मान डोलावली. तुला आधीच सांगून ठेवते, आई आली की तुमच्या शेजारच्या आजीबाईंना कचरा वेगळा करायला शिकवेल.

टेम्पो निघाला. दादा ड्रायव्हरच्या शेजारी बसला, आई नलावडे काकूंच्या गाडीतून गेली. मी आणि बाबा चावी द्यायला मागे राहिलो. चंद्रप्रकाशनी सही घेतली, चावी घेतली, बाबांशी हात मिळवला. फाटकाकडे चालताना बाबा मध्येच थांबले. मला वाटलं, धाप लागली. पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

ते म्हणाले, 'पाणी नको. मिहिरचं कळलं. आणि तुझं? तू परत येणार आहेस की तिकडेच राहणार?'

गंधू, मी चाळीस वर्षांची होईन मार्चमध्ये. हा प्रश्न मला आजवर घरात कोणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार असेल असं मला नेहमी वाटायचं. तिथे उभं राहून शोधलं तर नव्हतंच.

म्हटलं, 'माहीत नाही, बाबा.'

'चालेल,' ते म्हणाले आणि रिक्षाला हात केला.

श्रुती